वीजपुरवठा करारांतील ‘क्षमता श्रेय’ : व्याख्या, मोजणी आणि आर्थिक जबाबदारी

वीजपुरवठ्याच्या दीर्घकालीन करारात वरवर पाहता एकाच वस्तूची खरेदी होत असली, तरी प्रत्यक्षात दोन गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे प्रत्यक्ष वीज, जी युनिटमध्ये मोजली जाते. दुसरी म्हणजे मागणी सर्वोच्च असेल त्या वेळी ठरावीक मेगावॉट वीज उपलब्ध करून देण्याची बांधिलकी. या दुसऱ्या गोष्टीचे मोजमाप म्हणजे ‘क्षमता श्रेय’. वीज व्यवसायात त्यासाठी ‘कॅपॅसिटी क्रेडिट’ हा शब्द रूढ आहे. एखाद्या संयंत्राच्या एकूण क्षमतेपैकी किती मेगावॉटवर टंचाईच्या घटकेला विसंबता येईल, हे या श्रेयातून व्यक्त होते.

ही संज्ञा तांत्रिक असली तरी तिच्या व्याख्येवर हजारो कोटी रुपयांची देणी-घेणी अवलंबून असतात. व्याख्या सैल असेल, तर वितरण कंपनी न मिळालेल्या हमीचे पैसे मोजते आणि तो भार अखेर ग्राहकाच्या देयकावर येतो. व्याख्या अवाजवी कठोर असेल, तर उत्पादक जोखमीची किंमत दरात मिळवतो किंवा प्रकल्पाला कर्जच मिळत नाही. त्यामुळे करारातील या एका कलमाचा अर्थ कसा लावला जातो, याला वीज क्षेत्रात मोठे महत्त्व आहे.

स्थापित क्षमता आणि भरवशाची क्षमता

स्थापित क्षमता म्हणजे संयंत्रावरील पाटीवर लिहिलेली क्षमता. 31 मार्च 2024 रोजी भारताची एकूण स्थापित क्षमता सुमारे 442 गिगावॉट होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 30 मे 2024 रोजी, देशाच्या विजेच्या मागणीने सुमारे 250 गिगावॉटचा तोपर्यंतचा उच्चांक गाठला. केवळ हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर देशाकडे गरजेपेक्षा खूप अधिक वीज आहे असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात सूर्यास्तानंतर सौर संयंत्रांचे उत्पादन शून्यावर येते, वाऱ्याचा वेग ऋतूनुसार बदलतो, जलाशयांतील पाणी मर्यादित असते, वायूवर चालणाऱ्या संयंत्रांना इंधन मिळेलच असे नसते आणि कोळशावरील काही संच कोणत्याही क्षणी दुरुस्तीसाठी बंद असतात.

म्हणून स्थापित क्षमतेतून या सर्व वजावटी केल्यानंतर जी भरवशाची क्षमता उरते, तिलाच नियोजनात अर्थ असतो. क्षमता श्रेय बहुधा टक्केवारीत सांगितले जाते. 100 मेगावॉटच्या एखाद्या सौर प्रकल्पाला 15 टक्के श्रेय मिळाले, तर टंचाईच्या वेळेसाठी तो 15 मेगावॉटचा प्रकल्प मानला जातो.

येथे दोन संकल्पनांची गल्लत टाळणे आवश्यक आहे. वर्षभरातील सरासरी उत्पादनाचे स्थापित क्षमतेशी असलेले प्रमाण म्हणजे क्षमता वापर गुणांक. क्षमता श्रेय त्याहून वेगळे असते. दुपारी भरपूर वीज देणाऱ्या सौर प्रकल्पाचा वापर गुणांक चांगला असू शकतो. परंतु मागणीचा ताण रात्री आठ वाजता येत असेल, तर त्याचे श्रेय नगण्य ठरते. याउलट वर्षातून मोजके तास चालणाऱ्या, पण हाक देताच सुरू होणाऱ्या जलविद्युत संचाचा वापर गुणांक कमी आणि श्रेय मोठे असू शकते.

मोजणीच्या पद्धती

क्षमता श्रेय मोजण्याच्या पद्धती स्थूलमानाने दोन प्रकारच्या आहेत. पहिली सोपी आहे. मागील काही वर्षांतील सर्वाधिक मागणीचे तास निवडायचे आणि त्या तासांत संबंधित संयंत्राने सरासरी किती वीज दिली, हे पाहायचे. अलीकडे एकूण मागणीऐवजी ‘निव्वळ मागणी’ विचारात घेण्याकडे कल आहे. एकूण मागणीतून सौर व पवन विजेचे उत्पादन वजा केल्यावर जो भार इतर संयंत्रांना उचलावा लागतो, ती निव्वळ मागणी. सौर वीज वाढत जाते तसतसा निव्वळ मागणीचा कळस दुपारकडून संध्याकाळकडे सरकतो आणि नव्या सौर प्रकल्पांचे श्रेय घटत जाते.

दुसरी पद्धत संभाव्यतेच्या गणितावर आधारलेली आहे. अमेरिकी अभियंते लिओनार्ड गार्व्हर यांनी 1966 मध्ये ती मांडली. एखादे संयंत्र व्यवस्थेत जोडल्यानंतर, पुरवठा तुटण्याची शक्यता पूर्वीइतकीच ठेवून, किती अधिक मागणी भागवता येते, हे या पद्धतीत तपासले जाते. जितकी अधिक मागणी भागवता येईल, तितकी त्या संयंत्राची ‘प्रभावी भारवहन क्षमता’. ही पद्धत अधिक अचूक असली, तरी तिला हवामान, मागणी व बिघाड यांची अनेक वर्षांची माहिती लागते. शिवाय तिचे उत्तर एका संयंत्रापुरते मर्यादित नसते. व्यवस्थेत इतर कोणती संयंत्रे आहेत, यावर ते बदलते.

या गणिताच्या मुळाशी विश्वासार्हतेचा एक निकष असतो. अमेरिकेत दीर्घकाळ ‘दहा वर्षांत एक दिवस’ तुटवडा हा निकष वापरला गेला. भारताच्या राष्ट्रीय विद्युत योजनेत मागणी भागवता न येण्याची संभाव्यता 0.2 टक्के आणि न पुरवलेल्या विजेचे प्रमाण 0.05 टक्के, ही मर्यादा नियोजनासाठी धरण्यात आली आहे.

करारातील व्याख्येचे घटक

क्षमता श्रेयाची करारातील व्याख्या परिपूर्ण होण्यासाठी काही प्रश्नांची उत्तरे त्यात असावी लागतात. श्रेय कोण प्रमाणित करणार, विक्रेता, ग्रिडचालक की नियामक, हा पहिला प्रश्न. ते कोणत्या कालावधीसाठी आहे, वर्षासाठी, हंगामासाठी, महिन्यासाठी की दिवसातील विशिष्ट तासांसाठी, हा दुसरा. वीज कोणत्या ठिकाणी उपलब्ध मानली जाणार, हा तिसरा. संयंत्राच्या दारात वीज तयार असली, तरी पारेषण वाहिनीत जागा नसेल तर खरेदीदाराला तिचा उपयोग नसतो.

चौथा प्रश्न एकमेवतेचा आहे. तीच 100 मेगावॉट क्षमता दोन खरेदीदारांच्या हिशेबात मोजली जाऊ नये, यासाठी विक्रेत्याने ती अन्यत्र विकलेली नाही अशी स्पष्ट हमी करारात घेतली जाते. पाचवा प्रश्न चाचणीचा आणि सहावा कसुरीच्या परिणामांचा. मागणी केल्यावर किती मिनिटांत संयंत्राने पूर्ण भार उचलला पाहिजे, चाचणी कोण घेणार, अपयश आल्यास रक्कम परत करायची की दंड द्यायचा, आणि त्याला कमाल मर्यादा किती, हे आधीच लिहिलेले नसेल तर वाद अटळ ठरतो.

क्षमता श्रेय आणि नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र या गोष्टीही भिन्न आहेत. प्रमाणपत्र विजेचा स्रोत हरित असल्याचे सांगते, तर श्रेय ती वीज नेमक्या वेळी मिळण्याची शाश्वती देते. एकाच प्रकल्पाची वीज, प्रमाणपत्र आणि क्षमता श्रेय हे तिन्ही वेगवेगळ्या खरेदीदारांना विकले जाऊ शकतात. म्हणूनच करारात ‘प्रकल्पाचे सर्व लाभ’ असा मोघम शब्दप्रयोग न करता प्रत्येक लाभ स्वतंत्रपणे नमूद करण्याची पद्धत पडली आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलिया : नियमांतूनच व्याख्या

क्षमता श्रेय ही संज्ञा बाजार नियमांतच काटेकोरपणे व्याख्याबद्ध करणारे ठळक उदाहरण म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलिया. पर्थ शहर व भोवतालच्या प्रदेशाला वीज पुरवणारे तेथील ग्रिड देशाच्या पूर्वेकडील ग्रिडशी जोडलेले नाही. टंचाईच्या वेळी शेजाऱ्याकडून वीज घेण्याची सोय नसल्याने 2006 मध्ये सुरू झालेल्या घाऊक बाजारात राखीव क्षमतेची स्वतंत्र यंत्रणा उभारण्यात आली.

तेथे एक क्षमता श्रेय म्हणजे एक मेगावॉट. संयंत्राचा मालक आपली क्षमता प्रमाणित करून घेण्यासाठी बाजारचालक संस्थेकडे अर्ज करतो. इंधनावर चालणाऱ्या संचांची क्षमता 41 अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून ठरवली जाते. यामागील कारण सरळ आहे. तेथे विजेची सर्वाधिक मागणी कडक उन्हाळ्यात, वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू असताना येते आणि वायू टर्बाइनची क्षमता तापमान वाढताच कमी होते. थंड हवेत 100 मेगावॉट देणारा संच त्या दिवशी 100 मेगावॉट देत नाही. त्यामुळे श्रेयाची व्याख्या संकटाच्या दिवसाशी बांधली गेली.

क्षमता वर्ष 1 ऑक्टोबरपासून पुढील 1 ऑक्टोबरपर्यंत धरले जाते. श्रेय मिळालेल्या संयंत्राला ती क्षमता बाजारात उपलब्ध ठेवावी लागते, चाचण्या द्याव्या लागतात आणि ठरलेल्या वेळी उपलब्ध न राहिल्यास मिळालेल्या रकमेतून परतावा करावा लागतो. परताव्याची वार्षिक मर्यादा त्या संयंत्राला श्रेयापोटी मिळणाऱ्या उत्पन्नाशी निगडित आहे.

दुसऱ्या बाजूला, वीज विकणाऱ्या प्रत्येक किरकोळ कंपनीवर तिच्या ग्राहकांच्या कळसाच्या वेळेतील वापरानुसार क्षमतेचे दायित्व येते. ते ती उत्पादकाशी थेट करार करून श्रेये घेऊन भागवते किंवा बाजारचालकामार्फत ठरलेल्या किमतीने पैसे भरते. मोठ्या औद्योगिक ग्राहकांच्या पुरवठा करारांत हा खर्च स्वतंत्र ओळीत दाखवला जाऊ शकतो. अशा ग्राहकाने उन्हाळ्यातील मोजक्या कळसाच्या काळात यंत्रे बंद ठेवली, तर पुढील काळातील क्षमतेचा खर्च घटतो. अलीकडील सुधारणांत तेथे ‘कळस क्षमता’ व झपाट्याने उत्पादन वाढवू-घटवू शकणारी ‘लवचीक क्षमता’ असे श्रेयाचे दोन प्रकार करण्यात आले आहेत.

अमेरिका : लिलाव, हिवाळा आणि दंड

अमेरिकेत पीजेएम ही संस्था 13 राज्ये व राजधानी क्षेत्रातील ग्रिड चालवते. तिने 2007 पासून भविष्यातील क्षमतेसाठी लिलाव पद्धत स्वीकारली. 2025-26 या वर्षासाठी जुलै 2024 मध्ये जाहीर झालेल्या लिलावात बहुतांश प्रदेशासाठी प्रतिमेगावॉट प्रतिदिन 269.92 डॉलर दर निघाला. आधीच्या वर्षी तो 28.92 डॉलर होता. एकूण खर्च सुमारे 2.2 अब्ज डॉलरवरून 14.7 अब्ज डॉलरवर गेला.

या वाढीमागे माहिती केंद्रांमुळे वाढलेली मागणी व जुन्या संयंत्रांची निवृत्ती ही कारणे होतीच, पण श्रेय मोजण्याच्या बदललेल्या पद्धतीचाही वाटा होता. डिसेंबर 2022 मधील ‘एलियट’ या हिमवादळात पीजेएम क्षेत्रातील सुमारे 47 हजार मेगावॉट क्षमता ऐन वेळी बंद पडली होती आणि त्यात वायूवरील संयंत्रांचा वाटा सर्वात मोठा होता. जी क्षमता कागदावर भरवशाची मानली होती, तीच थंडीत कोसळली. कसुरीबद्दल सुमारे 1.8 अब्ज डॉलरचे दंड आकारले गेले आणि पुढे तडजोडीने ते कमी झाले.

त्यानंतर प्रभावी भारवहन क्षमतेची पद्धत औष्णिक संयंत्रांनाही लागू झाली. 2025-26 च्या लिलावासाठी अणुऊर्जेला 95 टक्के, कोळशाला 84 टक्के, साध्या वायू टर्बाइनला 62 टक्के, जमिनीवरील पवन ऊर्जेला 35 टक्के आणि सूर्याच्या दिशेने फिरणाऱ्या सौर पॅनेलना 14 टक्के श्रेय धरण्यात आले. इंधनावरील संयंत्र म्हणजे शंभर टक्के खात्रीचे, ही जुनी समजूत या आकड्यांनी मोडीत काढली.

कॅलिफोर्नियात 2000-01 मधील वीज संकटानंतर पुरवठादार कंपन्यांवर पुरेशी क्षमता आधीच करारबद्ध करण्याचे बंधन घालण्यात आले. तेथे ऊर्जेशिवाय केवळ क्षमतेचा करारही करता येतो. 2025 पासून तेथे महिन्यातील एका कळसाऐवजी दिवसाच्या 24 तासांपैकी प्रत्येक तासासाठी पुरेशी क्षमता दाखवण्याची पद्धत अमलात आली आहे.

भारत : स्थिर आकारापासून पर्याप्ततेकडे

भारतात देशव्यापी अनिवार्य क्षमता लिलाव नाही. मात्र क्षमतेसाठी वेगळे मोल देण्याची पद्धत जुनी आहे. के. पी. राव समितीच्या शिफारशींनंतर 1992 मध्ये केंद्रीय औष्णिक संयंत्रांसाठी द्विभागी दरपद्धती आली. पहिला भाग क्षमता आकार किंवा स्थिर आकार, ज्यात कर्जावरील व्याज, घसारा, भांडवलावरील परतावा आणि देखभाल यांचा समावेश होतो. दुसरा भाग ऊर्जा आकार, ज्यात मुख्यतः इंधनाचा खर्च येतो.

पुढे केंद्रीय वीज नियामक आयोगाने उपलब्धतेवर आधारित दरपद्धती आणली. तिची सुरुवात 1 जुलै 2002 रोजी पश्चिम विभागापासून, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड व गोवा यांचा समावेश असलेल्या ग्रिडपासून झाली. या पद्धतीत उत्पादकाने प्रत्येक दिवसासाठी आपली ‘घोषित क्षमता’ भार प्रेषण केंद्राला कळवायची असते. क्षमता आकार मिळतो तो या घोषणेच्या आधारे. खरेदीदाराने वीज उचलली की नाही, यावर तो अवलंबून नसतो.

बहुतेक कोळसा संयंत्रांसाठी आयोगाच्या 2024-29 च्या नियमांत 85 टक्के उपलब्धतेचा मापदंड आहे. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. 500 मेगावॉटच्या संयंत्राचा वार्षिक क्षमता आकार 600 कोटी रुपये असेल आणि उपलब्धता 80 टक्केच राहिली, तर सरळ प्रमाणाने त्याला सुमारे 565 कोटी रुपये मिळतील. पण उपलब्धता 85 टक्के असूनही खरेदीदाराने निम्म्याच क्षमतेइतकी वीज घेतली, तरी 600 कोटी रुपये द्यावेच लागतात. संयंत्राचा स्वतःचा वापर बाजूला ठेवला, तर पूर्ण 85 टक्के वीज घेतल्यास हा भार युनिटमागे सुमारे 1 रुपया 61 पैसे पडतो. 50 टक्के घेतल्यास तो सुमारे 2 रुपये 74 पैशांवर जातो.

वर्षभराची सरासरी उपलब्धता मात्र टंचाईच्या तासांबद्दल काहीच सांगत नाही. पावसाळ्यात मागणी कमी असताना संच चालू ठेवून आणि एप्रिल-मेमध्ये बंद ठेवूनही सरासरी गाठता येते. ही त्रुटी दूर करण्यासाठी 2019 च्या नियमांत वर्षाची अधिक मागणीचे तीन महिने व कमी मागणीचे नऊ महिने अशी विभागणी करण्यात आली. दिवसातील किमान चार तास कळसाचे मानून क्षमता आकाराचा 20 टक्के भाग त्या तासांतील उपलब्धतेशी जोडण्यात आला. कळसाच्या तासांतील तूट इतर वेळच्या जादा उपलब्धतेने भरून काढता येणार नाही, अशी तरतूदही झाली. जागतिक व्यवहारात ज्याला क्षमता श्रेय म्हणतात, त्या कल्पनेकडे टाकलेले हे पाऊल होते.

संकल्पनेला थेट स्थान मिळाले ते डिसेंबर 2022 मध्ये अधिसूचित झालेल्या वीज सुधारणा नियमांनी. त्यातील सोळाव्या नियमाने संसाधन पर्याप्ततेचे बंधन आणले. जून 2023 मध्ये जारी झालेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक वितरण कंपनीने आपल्या गरजेचा दहा वर्षांचा आराखडा तयार करून दरवर्षी तो पुढे न्यायचा आहे. गरज भागते की नाही, हे स्थापित क्षमतेवरून न पाहता प्रत्येक स्रोताच्या क्षमता श्रेयानुसार तपासायचे आहे. करारबद्ध क्षमतेपैकी 75 ते 80 टक्के दीर्घकालीन, 10 ते 20 टक्के मध्यमकालीन आणि उर्वरित अल्पकालीन असावी, असे त्यात सुचवले आहे. वीज बाजारातून आदल्या दिवशी केली जाणारी खरेदी पर्याप्ततेच्या हिशेबात धरली जात नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगानेही 2024 मध्ये संसाधन पर्याप्ततेच्या चौकटीचे स्वतंत्र विनियम केले आहेत.

याच काळात न उचललेल्या विजेबाबतही नियम कडक झाले. फेब्रुवारी 2024 मधील दुरुस्तीनुसार, खरेदीदाराने न मागितलेली उपलब्ध वीज उत्पादकाने बाजारात विक्रीसाठी देऊ केली नाही, तर तेवढ्या क्षमतेचा स्थिर आकार त्याला मागता येत नाही. पैसे मोजलेली क्षमता देशात टंचाई असताना पडून राहू नये, हा त्यामागील हेतू आहे.

दाभोळ : व्याख्येवरून पेटलेला वाद

क्षमतेची व्याख्या किती महागात पडू शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात उभारलेल्या दाभोळ वीज प्रकल्पासाठी राज्य वीज मंडळाने डिसेंबर 1993 मध्ये वीज खरेदी करार केला आणि 1996 मध्ये त्याच्या सुधारित अटी ठरल्या. संयंत्र 90 टक्के उपलब्ध असल्यास, वीज घेतली जावो वा न जावो, क्षमता आकार देण्याचे बंधन मंडळावर होते. मे 1999 मध्ये 740 मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. रुपयाचे अवमूल्यन व इंधनाचे वाढते दर यांमुळे प्रतियुनिट खर्च वाढत गेला. त्यामुळे मंडळाने उचल कमी केली आणि उचल कमी झाल्याने प्रतियुनिट स्थिर खर्च आणखी फुगला.

28 जानेवारी 2001 रोजी मंडळाने संयंत्राला पूर्ण भार देण्यास सांगितले. करारानुसार थंड अवस्थेतून तीन तासांत पूर्ण क्षमता गाठणे आवश्यक होते. ती गाठली गेली नाही, असे मंडळाचे म्हणणे होते. उपलब्धतेची चुकीची घोषणा केल्याचा ठपका ठेवून मंडळाने सुमारे 400 कोटी रुपयांचा दावा केला आणि ती रक्कम थकीत देयकांशी वळती करण्याची भूमिका घेतली. कंपनीने हा दावा फेटाळला. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले व प्रकल्प बंद पडला. प्रकरण नियामक आयोग, न्यायालये व लवादापर्यंत गेले. 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे हा प्रकल्प सोपवण्यात आला.

दाभोळच्या वादात भ्रष्टाचाराचे आरोप, राजकारण, विनिमय दर असे अनेक पदर होते. परंतु कराराच्या भाषेपुरते पाहिले तर प्रश्न एकच होता : तीन तासांत पूर्ण भार न उचलणारे संयंत्र ‘उपलब्ध’ होते, असे म्हणायचे का? घोषणा आणि प्रत्यक्ष सिद्धता यांतील अंतर कसे मोजायचे, हा क्षमता श्रेयाचाही मूळ प्रश्न आहे.

नवीकरणीय ऊर्जा आणि साठवण

नव्या करारांत हा प्रश्न वेगळ्या रूपात समोर येतो. भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने, म्हणजे सेकीने, जानेवारी 2020 मध्ये 1,200 मेगावॉटसाठी कळसाच्या तासांत खात्रीने वीज देण्याच्या अटीवर निविदा प्रक्रिया पूर्ण केली. कळसाबाहेरच्या विजेला प्रतियुनिट 2 रुपये 88 पैसे असा स्थिर दर होता, तर कळसाच्या विजेसाठी बोलीतून 6 रुपये 12 पैसे आणि 6 रुपये 85 पैसे असे दर निघाले. दुप्पटीहून अधिक असलेल्या या फरकाने योग्य वेळी मिळणाऱ्या विजेची बाजारातील किंमत दाखवून दिली.

बॅटरी साठवण प्रकल्पांत तर मोबदला जवळजवळ पूर्णपणे क्षमतेचाच असतो. सेकीच्या 2022 मधील 500 मेगावॉटच्या निविदेत प्रतिमेगावॉट दरमहा सुमारे 10.8 लाख रुपये दर निघाला. अशा करारांत किमान 95 टक्के मासिक उपलब्धता आणि भरलेल्या विजेपैकी किमान 85 टक्के परत मिळण्याची अट घातली जाते. बॅटरीच्या श्रेयाचा निर्णायक घटक मात्र कालावधी हा आहे. संध्याकाळचा ताण चार तास टिकणार असेल, तर दोन तासांत रिकामी होणारी 100 मेगावॉटची बॅटरी त्या संपूर्ण काळात 50 मेगावॉटच देऊ शकते.

नियम बदलला तर भार कोणावर?

करार 15 ते 25 वर्षांसाठी होतात. श्रेय मोजण्याचे नियम मात्र त्याहून लवकर बदलतात. ब्रिटनमध्ये डिसेंबर 2017 मध्ये अर्ध्या तासाच्या बॅटऱ्यांचे मान्य श्रेय, चार वर्षे आधी होणाऱ्या क्षमता लिलावासाठी, 96 टक्क्यांवरून सुमारे 18 टक्क्यांवर आणण्यात आले. यंत्र तेच राहिले, पण लिलावातून मिळू शकणारे उत्पन्न एका निर्णयाने पाचव्या हिश्श्याहूनही खाली आले.

या जोखमीची वाटणी तीन प्रकारे होऊ शकते. पहिल्या प्रकारात विक्रेता ठरावीक मेगावॉट श्रेयाची हमी देतो आणि नियम बदलल्यास कमी पडलेले श्रेय स्वखर्चाने अन्यत्रून आणून देतो. दुसऱ्या प्रकारात संयंत्राला जे श्रेय मिळेल तेच विकले जाते, म्हणजे बदलाची झळ खरेदीदाराला बसते. तिसऱ्या प्रकारात विक्रेत्याने अनुपालनासाठी करावयाच्या खर्चाला मर्यादा घातली जाते आणि त्यापलीकडील भार खरेदीदार उचलतो. कोणता प्रकार स्वीकारला, यावर दर ठरतो. पहिल्या प्रकारात दर अधिक पण निश्चिती मोठी असते. दुसऱ्यात दर कमी असतो, पण ऐन टंचाईत हाती काय येईल याची शाश्वती नसते. भारतीय करारांत ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली भरपाई मागण्याची प्रथा आहे; तथापि श्रेय मोजण्याच्या पद्धतीतील फेरबदल त्या कलमात बसतो की नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेले असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

ग्राहकाच्या देयकापर्यंत

घरगुती ग्राहकाच्या देयकात क्षमता श्रेय हा शब्द आढळत नाही. तेथे ‘स्थिर आकार’ आणि औद्योगिक ग्राहकांच्या देयकात ‘मागणी आकार’ दिसतो. या आकारांतून वितरण कंपनीच्या स्थिर खर्चाचा काही भाग वसूल होतो आणि त्या खर्चात वीज खरेदी करारांतील क्षमता आकाराचा वाटा मोठा असतो. उर्वरित भाग प्रतियुनिट दरात मिसळलेला असतो. गरजेपेक्षा अधिक क्षमता करारबद्ध झाली, तर न वापरलेल्या संयंत्रांचा खर्च ग्राहक सोसतात. कमी झाली, तर बाजारातून चढ्या दराने वीज घ्यावी लागते किंवा भारनियमन करावे लागते.

या दोन टोकांमधील मार्ग काढण्याचे साधन म्हणून क्षमता श्रेयाकडे पाहिले जाते. वितरण कंपनीने किती मेगावॉटचे करार केले, याबरोबरच त्यातील किती मेगावॉट उन्हाळ्यातील संध्याकाळी सात ते अकरा या वेळेत मिळणार, हा प्रश्न आता संसाधन पर्याप्ततेच्या आराखड्यांच्या केंद्रस्थानी आला आहे. वितरण कंपन्यांच्या दर प्रस्तावांवर आणि वीज खरेदी योजनांवर राज्य नियामक आयोग हरकती व सूचना मागवतात, तेव्हा ग्राहक संघटनांना व उद्योगांना हाच प्रश्न आकडेवारीसह विचारण्याची संधी मिळते.